अर्धा इंच माया

गेल्या वर्षी पितृपक्षात आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. भांडण नव्हते, भांडण झाले असते तर संध्याकाळच्या चहापर्यंत मिटलेही असते. अबोल्याचे कारण होते एक पत्र्याचे नसराळे. ते ज्या तोंडात बसायचे होते त्या तोंडात बसले नाही. चार मिलिमीटरांचा फरक पडला आणि ते चारही मिलिमीटर माझे होते.

दिवाळी अंकात मंडळी प्रेमकथा लिहितात, काश्मीरची वर्णने लिहितात. मी पत्र्यावर लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. या सदरात आजवर माझी दाढदुखी, आमचे भाडेकरू आणि आमच्या गच्चीची गळती हे सारे ज्यांनी सोसले, त्यांना एक नसराळे काही जड जाणार नाही.

मी १९७८ साली पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. निम्मी नोकरी ड्रॉइंग बोर्डापुढे उभे राहून गेली आणि उरलेली पडद्यापुढे बसून. पत्र्याच्या वस्तूंचे ‘उलगडे’ काढणे हा माझा हातखंडा. कारखान्यात अडचण आली, की ‘त्यांना विचारा’ म्हणून माणूस माझ्याकडे येई. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे काय झाले ते कळावे म्हणून सांगतो.

उलगडा म्हणजे काय? शेंगदाणे खाऊन झाले, की पुडी सोडून तिचा कागद मांडीवर सपाट करून पाहा. तुम्ही शंकूचा उलगडा केलात. पत्र्याचे काम करणारा याच्या उलट वाटेने जातो. त्याच्यापुढे असतो सपाट पत्रा आणि त्याला हवी असते गोल वस्तू. तेव्हा कापण्याआधीच त्याला ठाऊक हवे, की सपाटपणी कोणता आकार कापला म्हणजे वळवल्यावर कडेला कड मिळेल. कागदाचे अर्धे वर्तुळ घ्या आणि त्याच्या सरळ कडेचे दोन भाग एकमेकांना भिडवा. जो शंकू होईल, त्याच्या तोंडाचा व्यास त्याच्या तिरप्या बाजूइतकाच भरतो. शंकू अधिक निमुळता हवा असेल तर अर्ध्या वर्तुळापेक्षा कमी कागद घ्यायचा, पसरट हवा असेल तर जास्त. तोंडाची त्रिज्या भागिले तिरपी बाजू, गुणिले ३६०. एवढ्या अंशांचा तुकडा कापायचा. झाले शास्त्र.

मात्र साऱ्याच गोल वस्तूंना हा न्याय लागत नाही. नळी उलगडते, शंकू उलगडतो; चेंडू उलगडत नाही. संत्र्याचे साल पाटावर दाबून पाहा, कडा फाटल्याशिवाय ते सपाट होणार नाही. कोणते आकार असे सपाट पसरता येतात यावर ऑयलर नावाच्या गणितज्ञाचा निबंध १७७२ साली छापून आला, आणि १८२७ साली गाउसने सिद्ध केले, की गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न चुरगाळता सपाट करणे मुळी शक्यच नाही. त्या प्रमेयाला त्याने स्वतःच ‘असामान्य’ असे विशेषण लावले. नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते ते याच अडचणीपायी. आमच्या घरी मात्र हे प्रमेय दर गणेश चतुर्थीला सिद्ध होते. मोदकाची सपाट पारी सारणाभोवती वर घ्यायची म्हटले, की कडेला पीठ जास्त होते. ते जास्तीचे पीठ कुठे तरी जिरवायला हवे, म्हणून कळ्या. कळ्यांशिवाय मोदक वळून दाखवील तो गाउसला खोटे पाडील. पुण्याच्या तांबट आळीत दुसरा उपाय करतात: तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून ताणायचा. त्यांच्या मठारकामातला प्रत्येक ठोका म्हणजे पत्र्याला जरासे पसरायला लावणे आहे. असो, आमचे नसराळे बापडे शंकूच्या जातीचे, सरळ उलगडणारे होते. म्हणूनच मी गाफील राहिलो.

आमची धाकटी मुलगी इंजिनियर. चार-पाच वर्षे नोकरी करून तिने भोसरीला एक गाळा भाड्याने घेतला. दोन माणसे, पत्रा वळवायचे एक रोलरचे यंत्र, वेल्डिंगचा संच आणि एक लॅपटॉप, एवढा तिचा कारखाना. पत्रा कापायचे काम शेजारच्या गाळ्यातल्या लेझर यंत्रावर करून घेते. बाकी सगळे डोके त्या लॅपटॉपमधल्या ‘कॅड’मध्ये. भाद्रपदात तिच्याकडे एक गिरणीवाले आले. त्यांची पिठाची गिरणी वडिलांच्या वेळची. धान्य ओतायची चारही नसराळी कुजली होती; ती त्यांनी भंगारात घातली, आणि मग त्यांच्या लक्षात आले, की माप कुठेच लिहून ठेवलेले नाही. ज्या मिस्त्रीने ती घडवली तो केव्हाच वारला होता. उरला होता फक्त त्याचा फर्मा, म्हणजे पत्रा कापण्यासाठी केलेला सपाट नमुना. माळ्यावर खिळ्याला टांगलेला, गंजलेला, आकाराने अर्ध्या कंकणासारखा.

“दसऱ्यापर्यंत द्या, ताई,” गिरणीवाले म्हणाले. “त्यानंतर भाजण्यांची रीघ लागते. तेव्हा गिरणी बंद राहिली तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं, ते परत येत नाही.”

वाचक म्हणतील, फर्मा होता तर तो पत्र्यावर ठेवून खडूने आखायचा आणि कापायचा! मिस्त्रीने तेच केले असते. पण गिरणीवाल्यांना आत धान्य किती उरले ते दिसावे म्हणून अंगाला गोल झरोका हवा होता, वर कड हवी होती, आणि जुन्या रिव्हेटांऐवजी सांधा वेल्डिंगचा हवा होता. शिवाय लेझरला खडू समजत नाही. तेव्हा फर्म्यावरून मागे जाऊन मूळ नसराळे पडद्यावर उभे करायचे, त्यात हे बदल करायचे आणि त्याचा नवा उलगडा काढायचा, असे ठरले.

इथेच खरी गंमत आहे. गोल वस्तू दिली तर कॅड तिचा उलगडा चुटकीसरशी देते. एक अट मात्र घालते: वस्तूला कुठे तरी उभी फट ठेवा, केसाएवढी का होईना. बंद नळी तिला उलगडता येत नाही. सुरुवात कुठून करू, असे ती विचारते. पण सपाट आकार देऊन ‘याचा शंकू करून दे’ म्हटले, की पुष्कळशी कॅड तोंड फिरवतात. सरळ रेघेवर मोडायचे असेल, खोक्यासारखे, तर ती लगेच मोडून देतात. गोल वळवायचे म्हटले, की तुम्हीच आधी सांगा म्हणतात, केवढ्या व्यासाचा शंकू आणि किती उंच. म्हणजे फर्मा मोजून व्यास आपणच काढायचे, त्यावरून नसराळे रचायचे, त्याचा उलगडा काढायचा, आणि तो फर्म्याशी ताडून पाहायचा. हे शेवटचे पाऊल लक्षात ठेवा.

फर्मा मी मोजला. मुलीने तो घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि मी बाह्या सरसावल्या. बाहेरच्या कमानीवर दोरा लावून लांबी घेतली: १९२८ मिलिमीटर. आतल्या कमानीची ६५१. कडेची रुंदी ४०६. वळवल्यावर बाहेरची कमान वरच्या तोंडाचा घेर होणार आणि आतली कमान खालच्या तोंडाचा. π ने भागले. वरचे तोंड ६१३.६, खालचे २०७.२.

जाडी विसरणाऱ्यातला मी नव्हे. खोडरबर वाकवून पाहा: बाहेरची बाजू ताणते, आतली आवळते, आणि मधे कुठे तरी एक थर असतो जो ना ताणत ना आवळत. पत्र्याचेही तसेच. लांबीचा हिशेब करायचा तो त्या थरावर. मोठ्या गोलाईत वळवताना तो थर जाडीच्या जवळजवळ मधोमध असतो. तीव्र मोडीत आतल्या अंगाला सरकतो. किती सरकला ते सांगणाऱ्या गुणोत्तराला कॅड ‘के’ म्हणते आणि प्रत्येक वेळी विचारते. नवशिके इथेच फसतात. आतून ३०० मिलिमीटर व्यासाची नळी २ मिलिमीटर जाड पत्र्यातून करायची, तर आतला व्यास धरून ९४२.५ लांबी येते, बाहेरचा धरून ९५५, आणि खरी लागते ९४८.८. सहा-सहा मिलिमीटरांचा फेर, आणि तो नळी केवढीही असली तरी तेवढाच! हे प्रवचन मी मुलीला त्या रात्री पुन्हा एकदा दिले. तिने ते ऐकून घेतले. तिला ते पाठ होते.

तिने आकडे घालून नसराळे उभे केले आणि उलगडले. पडद्यावर कोन आला १८० अंश. नेमका! अर्धे वर्तुळ. मला जो आनंद झाला तो काय सांगू! गंजक्या पत्र्यावर दोऱ्याने घेतलेली मापे आणि कोन असा सुबक! चुकीच्या मापातून असा आकडा येणे शक्य नाही, असे मी छातीठोकपणे सांगितले.

“बाबा, तरी हा उलगडा एक-एक मापाने कागदावर छापून फर्म्यावर ठेवून पाहू या का?” ती म्हणाली. “नाही तर पुठ्ठ्याचं एक करून गिरणीत नेते.”

“कशाला दोन दिवस घालवतेस?” मी म्हणालो. “आयुष्यभर हेच केलंय मी. काप पत्रा.”

तिने कापला. १२५० बाय २५०० चा एक पत्रा, १.६ मिलिमीटर जाड, स्टेनलेस पोलाद, वजनाला चाळीस किलोच्या आसपास. त्यातून चारही तुकडे बरोबर निघाले. एक वळवून, सांधून, घासून गिरणीत नेला. खालचे तोंड ज्या कड्यात बसायचे ते कडे आतून २०६ मिलिमीटर. आमचे तोंड बाहेरून २०८.८. गिरणीवाल्यांनी वरून तळहाताने ठोकून पाहिले, मुलीने फिरवून पाहिले. मीही बरोबर गेलो होतो, कौतुक पाहायला. ती काही बोलली नाही. येताना रिक्षात नसराळे तिच्या मांडीवर होते आणि ती त्यातून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, “कडं वाकलं असेल.” ती म्हणाली, “असेल.” त्यानंतर तीन दिवस कामापुरते बोलणे. ती मला दोष देत नव्हती, हेच अवघड होते. गाळ्याचे भाडे, लेझरवाल्याचे पैसे, वाया गेलेला पत्रा, आणि डोक्यावर दसरा. या सगळ्यातले काहीही तिने माझ्यापुढे मांडले नाही. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा असे. मी फर्मा पुन्हा पुन्हा मोजत होतो आणि दर वेळी तेच १९२८ आणि ६५१.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या हिला शिवणासाठी टेबल हवे होते. “हे तुमचं भांडं जरा उचला,” म्हणत तिने फर्मा स्वतःच उचलला, आणि उचलता उचलता तिचा अंगठा एका कडेवरून फिरला. ती थांबली. मग तिने कडेच्या आत बोट फिरवले, वरपासून खालपर्यंत.

“अहो, इथं खड्डे आहेत बारीक. ओळीनं.”

मी पाहिले होते. गंजाचे व्रण समजून सोडून दिले होते. तिने ओल्या फडक्याने आणि राखेने कड घासली. पंचाने मारलेले ठिपके होते, कडेशी समांतर, एका ओळीत. तिने गळ्यातली टेप लावली.

“अर्धा इंच,” ती म्हणाली. “ही माया आहे. शिवण ठिपक्यांवर यायची.”

ज्या घरात शिवणाचे यंत्र आहे तिथे हा शब्द समजावून सांगायला नको. दोन तुकडे जोडायचे तर शिवणीच्या पलीकडे थोडे कापड राखावे लागते. तिला माया म्हणतात. मिस्त्रीचा सांधा रिव्हेटांचा. रिव्हेटांसाठी एक कड दुसरीवर चढवायला हवी. तेवढा अर्धा इंच त्याने एका बाजूला राखला होता, आणि खरी कड कुठे संपते ते ठिपक्यांनी लिहून ठेवले होते. मी ती माया घेरात धरली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला π ने भागले की ४.०४. माझे चार मिलिमीटर.

मुलगी संध्याकाळी आली तेव्हा मी काही न बोलता ठिपके दाखवले. तिने फर्म्याचा वरून फोटो काढला, पडद्यावर घेतला, बाहेरच्या कमानीवर तीन बिंदू ठेवून तिचे केंद्र काढले, मग आतल्या कमानीचे. दोन्ही केंद्रे एकाच जागी आली. मग दोन्ही सरळ कडा तिने आत वाढवत नेल्या. शंकूच्या उलगड्यात त्या दोन्ही त्या केंद्रातून जायला हव्यात. एक गेली. दुसरी अर्ध्या इंचाने चुकून बाजूने निघून गेली. ठिपक्यांची ओळ वाढवली, ती नेमकी केंद्रात. दोरा घेऊन मला जे कधीच दिसले नसते, ते तिथे एका रेघेत उभे होते. आणि पहिल्या रात्री उलगडा फर्म्यावर ठेवला असता तर साध्या डोळ्यांनाही दिसले असते.

मग व्यास पुन्हा काढले. ६०९.६ आणि २०३.२. मी ते आकडे पाहत राहिलो, आणि मुलगीच म्हणाली, “बाबा, पंचवीस पूर्णांक चारनं भागा.”

चोवीस इंच. आठ इंच. तिरपी बाजू सोळा. मिस्त्रीचा कंपास चोवीस इंचांवर आणि आठ इंचांवर लावलेला. अर्धे वर्तुळ, आणि वर अर्धा इंच माया. एवढाच त्याचा हिशेब, पेन्सिलीशिवाय तोंडी होण्यासारखा. माझाही कोन नेमका १८० यावा हा मात्र निव्वळ योगायोग होता. दोन्ही व्यासांत चूक सारखीच पडली, त्यामुळे त्यांतला फरक ४०६.४ च राहिला, आणि तिरपी बाजूही तेवढीच. असे असले, की कोन १८० च येतो. सुबक आकडा खोटाही असू शकतो, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

मी म्हणालो, उरलेल्या तीन तुकड्यांची अर्धा इंच कड कापून टाकू, म्हणजे पत्रा वाचेल. तिने पडद्यावर करून दाखवले, की वाचणार नाही. चुकीच्या व्यासांमुळे दोन्ही कमानीही चार-चार मिलिमीटर मोठ्या त्रिज्येच्या कापल्या गेल्या होत्या. आता कड कापली तर ती केंद्रातून जाणार नाही, आणि वळवल्यावर तोंड सपाट बसणार नाही. ते तुकडे तिने दुसऱ्या कामाच्या पट्ट्यांसाठी बाजूला ठेवले.

नवा पत्रा आला. त्या पत्र्याचे पैसे मी देणार म्हणालो. मला वाटले होते, ती ‘राहू द्या हो, बाबा’ म्हणेल. तिने पैसे घेतले आणि पावती दिली.

झरोक्याचेही आता सांगून टाकतो, कारण ते तिने पहिल्या दिवसापासून बरोबरच केले होते. नसराळे पडद्यावर उलगडायचे, सपाटपणी भोक कापायचे, पुन्हा मिटायचे. पण सपाटावर कापलेले गोल भोक वळवल्यावर अगदी गोल राहत नाही. म्हणून झरोक्याची काच ज्या नळीत बसायची ती नळीच तिने पडद्यावर नसराळ्यात आरपार घुसवली, तेवढा भाग काढून टाकला, आणि मग उलगडले. सपाट पत्र्यावर ते भोक किंचित अंड्यासारखे दिसत होते. लेझरवाल्याने फोन करून विचारले, “ताई, हे भोक वाकडं आलंय का?” ती म्हणाली, “वाकडंच काप.”

स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात फ्रँक गेरी या वास्तुशिल्पकाराने बांधलेले, १९९७ साली उघडलेले एक संग्रहालय आहे. त्याच्या भिंती वाऱ्यावर फुगलेल्या शिडांसारख्या आहेत, आणि त्यांवर टायटॅनियमचे पत्रे आहेत अवघे ०.३८ मिलिमीटर जाडीचे. कागदाच्या नमुन्यांवरून त्या भिंती रचण्यासाठी विमाने आखायची फ्रेंच कॅड वापरली. मुलीने मला त्याची चित्रे दाखवली. एरवी मी म्हणालो असतो, की त्यात काय मोठेसे. या खेपेस मी गप्प बसून चित्रे पाहिली.

या वेळी तिने पुठ्ठ्याचे नसराळे आधी केले आणि ते मलाच गिरणीत नेऊन बसवून पाहायला सांगितले. बसले. पत्र्याची चारही अष्टमीच्या दिवशी बसली. कड्यात तोंड शिरताना बारीक ‘सर्र’ असा आवाज झाला. गिरणीवाल्यांनी पट्टा चढवला आणि आधी मूठभर गहू टाकून पाहिले.

फर्मा परत द्यायला आम्ही दोघे गेलो, भाजणीचा डबा घेऊन. रांगेत आमचा नंबर अकरावा. गिरणीवाल्यांनी फर्मा माळ्यावर त्याच खिळ्याला टांगला. घासलेली कड तेवढी चमकत होती. “मिस्त्री फार बोलायचा नाही,” ते म्हणाले, आणि आमचा डबा पुढे ओढून घेतला. “जाड दळू की बारीक?”

“चकलीची आहे,” ही म्हणाली. “बारीकच दळा.”